पहाटेची डुलकी आणि काढून घेतलेली खुर्ची

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांच्या सदरात गेल्या पंधरवड्यात एका वाचकांनी रात्रपाळीत झोपणाऱ्या सुरक्षारक्षकांविषयी तक्रार केली होती. पहाटे पाचला फिरायला निघाले असताना त्यांना तीन सोसायट्यांच्या फाटकांवर तीन रखवालदार खुर्चीत मान टाकून झोपलेले दिसले. त्यांनी मोबाइलवर छायाचित्रे काढली आणि पगार घेऊन झोपा काढणाऱ्यांवर कडक कारवाई व्हावी, अशी मागणी केली. पत्र वाचून मला रागापेक्षा ओशाळल्यासारखे अधिक झाले. अशी कारवाई मी स्वतः अनेकदा केलेली आहे, आणि तिच्यातल्या एका प्रसंगावरून माझे मन मला अजून खाते.

मी पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील एका कारखान्यात ३४ वर्षे नोकरी केली आणि त्यांतील १९ वर्षे शिफ्ट इन्चार्ज होतो. फर्स्ट, सेकंड आणि नाइट अशा तीन पाळ्या दर आठवड्याला फिरत असत. प्रसंग आमच्या प्रेस शॉपमधला, म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणाऱ्या यंत्रांच्या विभागातला आहे. सेकंडचा एक ऑपरेटर, त्याच्या जागी येणारा माणूस आला नाही म्हणून, माझ्याच सांगण्यावरून नाइटलाही थांबला होता. म्हणजे दुपारी साडेतीनला कामाला लागलेला माणूस पहाटे त्याच प्रेसवर उभा होता. साडेतीनचा चहा येऊन गेला. सव्वाचारच्या सुमारास मी फेरी मारत असताना तो मला माल ठेवायच्या रिकाम्या बिनवर बसलेला दिसला. पाठ खांबाला टेकलेली, हनुवटी छातीवर, एका हातात कापडी मोजा आणि दुसरा मोजा खाली पडलेला. मी त्याला खांद्याला धरून हलवले. तो ताडकन उठला, ‘साहेब, डोळा लागला’ एवढेच म्हणाला आणि मी समोर उभा आहे हे पाहून जवळजवळ धावतच मशिनवर गेला. आधीचा जॉब, म्हणजे आकार दिलेला पत्रा, डायमध्ये (साच्यात) तसाच होता. त्याने त्यावर दुसरा पत्रा ठेवला आणि बटणे दाबली. आवाज वेगळा आला तेव्हाच काय झाले ते माझ्या लक्षात आले. डायला चीर गेली होती. दोन्ही हात दोन बटणांवर असल्याशिवाय ती प्रेस खाली येत नसे, म्हणून त्याची बोटे वाचली.

सकाळी घरी जाण्यापूर्वी मी त्याला मेमो लिहिला. कामावर असताना झोपणे आणि हलगर्जीपणाने कंपनीच्या मालमत्तेचे नुकसान करणे, असे दोन आरोप त्यात होते. त्याला दोन दिवसांचे निलंबन झाले. मेमोतील प्रत्येक शब्द खरा होता, पण त्यात एक गोष्ट लिहायची राहिली होती. तो झोपलेला असताना कोणाचेही काही बिघडले नव्हते. नुकसान झाले ते मी त्याला उठवून त्याच मिनिटाला मशिनवर जाऊ दिल्यामुळे. झोपेतून उठलेल्या माणसाच्या मेंदूवर काही काळ झोपेचा अंमल राहतो, त्या अवधीत तो चालतो, बोलतो, हुकूम पाळतो, पण त्याचा निर्णय कच्चा असतो, आणि आधीचे जागरण जितके मोठे तितका हा अंमल गडद असतो, ही गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा या विषयावरचे जे जे हाती आले ते मी वाचत गेलो, आणि प्रत्येक वेळी तो खांब आणि तो बिन डोळ्यांसमोर आला.

माणूस जागा असतो तोवर त्याच्या मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि झोपेत ते ओसरते. जागरणाचा भार तो हाच. दुसरीकडे शरीराचे जैविक घड्याळ असते, आणि आपण किती तास जागे आहोत याची पर्वा न करता ते दिवसरात्रीच्या ठरावीक वेळी जागेपणाला उठाव देते आणि ठरावीक वेळी तो काढून घेते. झुरिचचे शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये या दोन गोष्टींची सांगड घालून झोपेचे जे गणित मांडले, तेच थोड्याफार फरकाने आजही वापरले जाते. दिवसा भार वाढत असतो, पण घड्याळ सावरून धरते. रात्र चढते तसे घड्याळही साथ सोडते आणि पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान, शरीराचे तापमान सर्वांत खाली गेलेले असताना, भार सर्वाधिक आणि आधार सर्वांत कमी अशी अवस्था येते. आपल्या भाषेने या वेळेला फार पूर्वीच नाव देऊन ठेवले आहे. साखरझोप म्हणतात ती हीच. घरच्या अंथरुणावर ती गोड लागते. प्रेसवर, स्टिअरिंगवर किंवा फाटकावर असलेल्या माणसालाही ती त्याच वेळी आणि तेवढ्याच जोराने येते. वाचक महाशयांनी छायाचित्रे काढली ती नेमकी या वेळेला. रात्री अकराला ते फिरायला निघाले असते तर तेच तीन रखवालदार त्यांना जागे दिसले असते, असे मी अनुभवावरून सांगतो.

याहून महत्त्वाची बाब पुढेच आहे, आणि ती कळायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. सावधपणा मोजण्याची एक अगदी साधी चाचणी आहे. समोरच्या पडद्यावर अनियमित अंतराने आकडा उमटतो, तो दिसला की बटण दाबायचे. असे दहा मिनिटे. ताजातवाना माणूस पाव सेकंदाच्या आसपास प्रतिसाद देतो. जागरण झालेला माणूसही बऱ्याचदा तेवढ्याच वेगाने देतो, पण मधूनच एखादा प्रतिसाद अर्ध्या सेकंदाहून अधिक लांबतो, एखादा येतच नाही. लक्ष एकसारखे मंदावत नाही, त्याला भोके पडतात. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात हान्स व्हॅन डोंगेन, डेव्हिड डिंजेस आणि सहकाऱ्यांनी ४८ निरोगी प्रौढांवर केलेला आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या क्षेत्रात सर्वांना परिचित आहे. त्यात काही जणांना सलग १४ रात्री चार तास, काहींना सहा तास आणि काहींना आठ तास झोपू दिले गेले. रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांची चूक दिवसागणिक वाढत गेली आणि अखेरीस ती एक-दोन पूर्ण रात्री जागलेल्या माणसाच्या पातळीला पोहोचली. त्यांना स्वतःला किती पेंग येते आहे, असे रोज विचारले जाई. पहिल्या काही दिवसांनंतर त्यांच्या उत्तरात फारसा फरक पडेनासा झाला. चाचणीचा आलेख खाली जात राहिला आणि माणसे मात्र ‘आता सवय झाली’ या समजात राहिली.

माझ्या पाळीतली निम्मी माणसे हेच वाक्य बोलत असत, आणि मीही. एका सकाळी नाइट संपवून मोटारसायकलवरून घरी आलो आणि गाडी स्टँडला लावताना लक्षात आले की वाटेतला रेल्वेचा पूल आणि दोन सिग्नल आपण कसे ओलांडले, याची काहीच आठवण नाही. झोप आल्याचेही आठवत नव्हते. डोळे उघडे असताना मेंदू दोन-चार सेकंद निघून जातो, त्या क्षणिक डुलकीचे वैशिष्ट्यच हे की ती घेणाऱ्याला कळत नाही. ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन चार सेकंदांत सव्वाशे मीटरहून अधिक अंतर कापते. समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटरच्या सरळ, एकसुरी रस्त्यावर मध्यरात्रीनंतर त्या सव्वाशे मीटरांत काय होऊ शकते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला आपण गुन्हेगार मानतो आणि ते योग्यच आहे. आपल्या कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची आहे. १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड यांनी दाखवून दिले की सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते. सकाळी सहाला उठलेला चालक रात्री अकराला रातराणी घेऊन निघतो, तेव्हाच तो या रेषेवर असतो. पहाट तर अजून लांब असते.

म्हणून ‘झोप येत असल्यास वाहन थांबवा’ ही महामार्गावरची पाटी मला फार तोकडी वाटते. निर्णय करण्याची जबाबदारी ती नेमकी त्या माणसावर टाकते, ज्याची निर्णयशक्तीच झोपेने नेलेली आहे. आणि झोप एका मर्यादेपलीकडे गेली की थांबायचे की नाही, कोठे पडायचे, हे ठरवणेही माणसाच्या हातात राहत नाही. ८ मे २०२० रोजी करमाडजवळ रेल्वे रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांना पहाटे मालगाडीने चिरडले. जालन्याहून रात्रभर रुळांच्या कडेने चालत ते मध्य प्रदेशातील आपल्या गावी निघाले होते. त्यानंतर कित्येक सुशिक्षित माणसांच्या तोंडून मी एकच प्रश्न ऐकला, रुळावर कोणी झोपते का. शुद्धीवर असलेला माणूस झोपत नाही, हे त्याचे उत्तर आहे.

आता डुलकीविषयी. थोडी झोप मिळाली तर सावधपणा परत येतो का, याचे उत्तर होय असे आहे, पण त्याला पथ्ये आहेत, आणि ती जागरण झालेल्या माणसासाठी अधिक कडक आहेत. ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठात अ‍ॅम्बर ब्रूक्स आणि लिऑन लॅक यांनी रात्री जेमतेम पाच तास झोपलेल्या तरुणांना दुसऱ्या दिवशी दुपारी पाच, दहा, वीस आणि तीस मिनिटांच्या डुलक्या घ्यायला लावल्या. हा अभ्यास २००६ मधला. पाच मिनिटांचा उपयोग नगण्य ठरला. दहा मिनिटांच्या डुलकीने उठल्याबरोबर तरतरी आली आणि ती बराच वेळ टिकली. तीस मिनिटांनंतरही तरतरी आली, पण आधी काही काळ माणसे झोपण्यापूर्वीपेक्षा मंद होती. कारण असे की डुलकी लांबली की झोप खोल थरात उतरते, आणि तेथून माणसाला ओढून वर काढले की अंमल घेऊनच तो वर येतो. पाच तास का होईना, झोपलेल्यांची ही कथा. माझ्या ऑपरेटरसारखा रात्रभर जागलेला माणूस डोळे मिटताच त्या खोल थराकडे घसरू लागतो, आणि वेळही पहाटेची असली की अंमल आणखी घट्ट होतो. ज्याला डुलकीची गरज सर्वांत जास्त, त्याचे उठणेही सर्वांत धोक्याचे, असा हा पेच आहे. त्यावर उपाय एकच, आणि तो घड्याळाचा आहे. डुलकी केव्हा सुरू होणार, केव्हा संपणार आणि संपल्यावर किती वेळ माणसाला कामापासून दूर ठेवायचे, हे आधी ठरलेले असले पाहिजे.

हे ठरवले तर काय होते आणि न ठरवले तर काय होते, याची दोन्ही उदाहरणे विमानांची आहेत. अमेरिकेच्या नासा संस्थेने लांब पल्ल्याच्या विमानांतील वैमानिकांना प्रवासाच्या मधल्या, निवांत टप्प्यात ४० मिनिटांची विश्रांती देऊन पाहिली. एका वेळी एकानेच झोपायचे, बाकीचे जागे, आणि विमान खाली उतरू लागण्याच्या पुष्कळ आधी विश्रांती संपलेली. वैमानिक त्यात सरासरी २६ मिनिटे झोपले. ज्यांना ही विश्रांती मिळाली नाही, त्यांच्या नोंदीत उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यातही क्षणिक डुलक्या आढळल्या. विश्रांती घेतलेले वैमानिक त्या टप्प्यात टक्क जागे होते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अहवालातला २६ मिनिटांचा आकडा हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर सुभाषितासारखा फिरतो. त्यासोबतची पथ्ये मात्र फिरत नाहीत.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले आणि दुःखद आहे. २२ मे २०१० रोजी सकाळी सहाच्या सुमारास दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरच्या टेकडीवरील धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले आणि विमानातील १६६ पैकी १५८ जण मृत्युमुखी पडले. या अपघाताची चौकशी हवाई दलाचे निवृत्त उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली झाली. वैमानिककक्षातील ध्वनिमुद्रणात सुमारे दोन तासांची नोंद होती, आणि तिच्यातील पहिल्या एक तास चाळीस मिनिटांत मुख्य वैमानिक झोपलेले होते. त्यांच्या घोरण्याचा आवाज त्यात आहे. उठल्यानंतर थोड्याच वेळात त्यांना विमान उतरवायचे होते. विमान नको तेवढ्या उंचीवर होते, सहवैमानिकाने उतरणे रद्द करून पुन्हा वर जाण्यास तीनदा सुचवले, यंत्रे इशारे देत होती, तरीही निर्णय बदलला नाही. उतरणे न थांबवणे हे थेट कारण असल्याचे अहवालाने म्हटले आणि दीर्घ झोपेनंतरचा अंमल, त्यातही पहाटेची वेळ, यामुळे निर्णयशक्ती क्षीण झाली असावी, असेही नोंदवले. तो भाग वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो. माझ्या प्रेस शॉपमधल्या घटनेत एक डाय गेली, एवढाच फरक. झोपेतून उठलेला माणूस, समोर तातडीचे काम, आणि मध्ये वेळ नाही, हा सांगाडा तोच आहे.

चहाविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण आपल्याकडे जागरणावरचा सर्वमान्य उपाय तोच. कॅफिन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवते, त्यामुळे भार जाणवत नाही. भार मात्र जागच्या जागी असतो. ते अंगात भिनायला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो आणि निम्मे उतरायला साधारण पाच तास. पहाटे साडेपाचला घेतलेला कडक चहा पाळी संपेपर्यंत कामाला येतो आणि नंतर सकाळी नऊला, जेव्हा झोप हवी असते, तेव्हाही तो कामच करत असतो. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठात लुईझ रेनर आणि जिम हॉर्न यांनी पेंगुळलेल्या चालकांवर प्रयोग करून पाहिले, तेव्हा कॉफी पिऊन लगेच पंधरा मिनिटे डोळे मिटण्याचा उपाय चांगला लागू पडला, कारण डुलकी संपते तेव्हाच कॅफिन चढू लागते. खिडकी उघडून गार वारा घेणे आणि मोठ्याने गाणी लावणे यांचा परिणाम अल्पजीवी ठरला. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत दोन कप कॉफी आणि किमान पंधरा मिनिटांची डुलकी असा सल्ला छापलेला आहे. आपल्या महामार्गांवर चहाच्या टपऱ्यांना तोटा नाही. चहा पिऊन झाल्यावर चालकाला पंधरा मिनिटे अंग टेकता येईल अशी सुरक्षित, उजेडाची जागा मात्र दुर्मीळ आहे.

रात्रपाळीच्या माणसाची दिवसाची झोप हा विषय मी थोडक्यात आटोपला तर माझी पत्नी मला क्षमा करणार नाही. खिडकीला गोधड्या टांगणे, कुकरच्या शिट्ट्या होऊ न देणे, भाजीवाल्याला जिन्याखालीच थांबवणे, मुलांना चवड्यांवर चालायला शिकवणे, हे सगळे तिने १९ वर्षे केले. तरीही माझी दिवसाची झोप पाच तासांपलीकडे क्वचितच गेली. आवाज हे त्याचे एक कारण. दुसरे कारण घरात नसून घड्याळात आहे: सकाळ चढत जाते तसे जैविक घड्याळ माणसाला उठवू लागते, मग खोली कितीही काळोखी असो. राहिलेल्या झोपेची थकबाकी आठवडाभर साठत जाते. ती अंशतः फेडण्याची सर्वांत चांगली वेळ दुपारची आहे. एक ते चार या वेळात सावधपणाला पुन्हा एक उतार येतो, आणि तो जेवण न घेताही येतो, म्हणजे दोष वरणभातापेक्षा घड्याळाचा अधिक. पुण्याच्या दुकानदारांची एक ते चारची वामकुक्षी हा उभ्या महाराष्ट्राच्या विनोदाचा विषय आहे. मी स्वतः त्यावर हसलेलो आहे. पण रात्री नाइटला जाणाऱ्या माणसाने नेमके हेच करावे. संध्याकाळी सात-आठला पडून पाहिले तर झोप येत नाही, त्या वेळी घड्याळाचा उठाव ऐन भरात असतो. दुपारी दोनला ती येते, आणि दीड-दोन तासांची ती आगाऊ झोप पहाटेच्या चारला उपयोगी पडते. दिवसा झोपू नये, असे आपल्याकडे वडीलधारे सांगत आले. त्यांचा आधार आयुर्वेदाचा आहे, पण वाग्भटाचे अष्टांगहृदय ओझी वाहून आणि वाट चालून थकलेल्यांना या बंदीतून वगळते, आणि सवय नसलेले जागरण घडले तर त्याच्या निम्मा वेळ सकाळी, जेवणापूर्वी झोपावे, असे सांगते. हे अपवाद सांगायला मात्र सगळे विसरतात.

मला जे मागायचे आहे ते फार मोठे नाही. जेथे रात्रभर माणूस जागता ठेवावा लागतो, तेथे पहाटेच्या आत, शक्यतो दोन ते साडेतीनच्या दरम्यान, वीस मिनिटांची डुलकी वेळापत्रकात लिहिलेली असावी. त्या वेळी त्याच्या जागी दुसरा माणूस असावा. उठल्यावर तोंड धुणे, चहा, चार पावले फिरणे यासाठी आणखी वीस मिनिटे असावीत आणि तोवर त्याला मशिन, स्टिअरिंग किंवा रुग्णाच्या औषधाला हात लावू देऊ नये. डबल ड्यूटी झालेल्या माणसाला अवजड यंत्रावर ठेवू नये आणि स्वतःच्या दुचाकीवरून घरी पाठवू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्यास आणि विश्रांती पाचऐवजी सहा तासांनंतर देण्यास मान्यता दिली, तेव्हा ओव्हरटाइमच्या मोबदल्यावर भरपूर लिहिले गेले. बाराव्या तासाला समोरच्या माणसाचे लक्ष कोठे असेल, यावर माझ्या वाचनात फार थोडे आले.

यावर आक्षेप काय येईल तो मला पाठ आहे, कारण मी तो वर्षानुवर्षे घेत होतो. झोपायची परवानगी दिली तर सगळेच झोपतील, वीस मिनिटांचा तास होईल. काही जण गैरफायदा घेतील, हे खरे आहे. परंतु चोरून झोपणारा माणूस आजही झोपतोच. फरक असा की तो अंधाऱ्या कोपऱ्यात, गजर न लावता, कोणाला न सांगता झोपतो, आणि पावलांचा आवाज आला की दचकून उठून थेट यंत्राला हात घालतो. झोपेच्या दृष्टीने याहून वाईट पद्धत शोधूनही सापडणार नाही, आणि ती आम्ही मेमो देऊन देऊन रूढ केली.

शेवटी, ज्या पत्रावरून हे लिहिले त्याकडे येतो. आमच्या सोसायटीतही दोन महिन्यांपूर्वी हाच विषय निघाला होता. रखवालदार पहाटे पेंगतो, म्हणून समितीने फाटकावरची प्लास्टिकची खुर्ची काढून घेतली. हा माणूस रात्री आठ ते सकाळी आठ अशी बारा तासांची ड्यूटी करतो आणि दुपारी चारपासून जवळच्या दुसऱ्या इमारतीच्या मोटारी पुसतो, हे मला चौकशी केल्यावर समजले; मधल्या आठ तासांत जाणे-येणे, स्वयंपाक आणि झोप. खुर्ची गेल्यापासून तो पहाटे फाटकाच्या खांबाला टेकून उभा असतो. परवा दुधाची गाडी आली तेव्हा त्याने फाटक उघडले, गाडी आत घेतली आणि फाटक तसेच उघडे ठेवून पुन्हा खांबाला टेकला. अर्ध्या तासाने मी खाली उतरलो तेव्हाही ते उघडेच होते. खुर्ची परत द्यावी, रात्री तीनला वीस मिनिटे त्याला मीटररूममध्ये पडू द्यावे, आणि तेवढा वेळ फाटकाला कुलूप लावून येणाऱ्याला घंटा वाजवायला सांगावे, असा लेखी प्रस्ताव मी समितीला दिला आहे. तो पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेतला आहे, असे सचिवांनी कळवले आहे. दरम्यान माझ्या घरातील एक घडीची खुर्ची मी रोज रात्री खाली नेऊन ठेवतो आणि सकाळी, समितीचे कोणी उठण्यापूर्वी, वर आणतो.

आपला,
एक निवृत्त शिफ्ट इन्चार्ज, चिंचवड